ठोक्या थांबला तेव्हा

रसिका धुरी वडिलांकडे टेकली होती ती फक्त पाच मिनिटांसाठी. दिवाळीच्या उरलेल्या चकल्यांचा डबा द्यायचा, कपभर चहा घ्यायचा आणि सड्यावरच्या भूकंपाच्या प्रयोगशाळेत परत जायचं, एवढाच बेत.

सत्यवान धुरी पडवीत बसून वाती वळत होते. त्रिपुरी पौर्णिमा तीन दिवसांवर आली होती. खोलवड्याच्या सातेरी देवीच्या दीपमाळेवर पहिली पणती लावायचा मान धुऱ्यांचा, आणि धुऱ्यांत सध्या वडीलधारे तेच. सत्तरी उलटली होती, पण हात काही थरथरत नव्हता.

"यंदा माका त्रिपुरीक येवक जमूचा नाय, बाबा," रसिका म्हणाली. "हादऱ्यांचो मोसम इलो. कधी बसात सांगता येणा नाय, म्हणान सरांनी सगळ्यांची रजा बंद केल्यानी."

"सांगता कित्याक येणा नाय?" सत्यवानांनी मान वर केली नाही. "त्रिपुरीक बसतलो. गेली पाच वर्सां दरवर्षी बसता."

"काय?"

"अगो, पहिली पणती लावलंय की धरणी हलता. एखाद्या वर्सा आदल्या सांजेक, पण चुकणा नाय. मागच्या वर्सा तेलाची बुधली कलंडली. आमी म्हणतो, देवीक पणती पावली."

"आणि ह्यां तुमी माका पाच वर्सांत सांगूक नाय?"

"तू विचारलंस कधी? तुमच्याकडे एवढी यंत्रां. माका वाटला, तुमका ठावक असतला!"

आता बोला! पाच वर्षं पुण्यापासून जर्मनीपर्यंतची मंडळी या हादऱ्यांच्या तारखांवर डोकं आपटत होती. एका वर्षी पाच नोव्हेंबर, पुढच्या वर्षी चोवीस, त्यानंतर चौदा. पाऊस तपासला, भरती-ओहोटी तपासली, धरणाची पातळी तपासली, मोठमोठे संगणक राबवले. सूत्र काही हाती लागलं नाही. आणि इथे एक म्हातारा वाती वळता वळता तिथी सांगून मोकळा झाला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

रसिका उठली आणि भिंतीवरच्या पंचांगाच्या कॅलेंडरपाशी गेली. चंद्राचं ओढणं असेल म्हणावं, तर पौर्णिमा दर महिन्याला येते. कार्तिकातलीच का? ती बोटानं एकेक चौकोन मागे मोजत गेली. बत्तीस, तेहेतीस, चौतीस. बोट दसऱ्यावर येऊन थांबलं.

"चाय निवता गो," सत्यवान म्हणाले. तिला ते ऐकूच आलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी काय होतं, ते जगात फक्त दोघांना माहीत होतं. तिला आणि समोर वाती वळणाऱ्या तिच्या वडिलांना. त्यांनासुद्धा अर्धंच.

सडा म्हणजे कोकणातलं कातळाचं पठार. खोलवड्याच्या डोक्यावरच्या सड्यावर सहा किलोमीटर खोल विंधण होती. वरचा काळा कातळ भेदून, त्याच्या खालच्या ग्रॅनाइटमध्ये पोचलेली. तिच्या तळाशी एक यंत्र बसवलं होतं. दर बारा सेकंदांनी ते खडकावर एक विजेचा आणि कंपनाचा ठोका द्यायचं. दूरदूरच्या विंधणींतले संवेदक तो ठोका टिपायचे आणि खडकावर ताण किती आलाय ते कळायचं. यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. सगळे त्याला ठोक्या म्हणत.

ठोक्या अखंड चालला पाहिजे, अशी अट होती. पहिल्याच वर्षी दसऱ्याला सत्यवान झेंडूचा हार घेऊन वर आले. "शस्त्राक आज विश्रांती," म्हणाले. "पूजा केल्यार यंत्र चालवचा नाय." आपल्याकडे गिरणी थांबते, रिक्षा थांबते, छापखाना थांबतो. ठोक्या काय आभाळातून पडला होता? रसिकानं सकाळी सातला खटका खाली केला, हार घातला, हळदकुंकू वाहिलं. मग भीती वाटून दुपारी चारला पुन्हा सुरू केला. पुढच्या वर्षीपासून वडिलांनी तेवढंही चालू दिलं नाही. पुरता एक दिवस विश्रांती म्हणजे विश्रांती.

आणि नोंदवहीत? नोंदवहीत ती लिहायची, 'चालू'. आदल्या दिवसाच्या नोंदींची फाइल उचलून दसऱ्याच्या जागी चिकटवायची. रोजचे ठोके सारखेच, कोणाला कळणार? कोणाला कळलंही नव्हतं. एवढंसं पाप, तेही देवाच्या नावानं, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली होती.

यंदा मात्र ते अंगाशी आलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खटका वर केला आणि तळाची केबलच जळाली. नवी येऊन बसेपर्यंत दहा दिवस गेले. नोंदीत दहा होते. खरे अकरा.

प्रयोगशाळेत पोचल्यावर तिनं डॉ. नीलकंठ ओगल्यांच्या खोलीचं दार आतून लावलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. ओगले प्रकल्पाचे प्रमुख, मूळचे पुण्याचे, अठ्ठावन्न वर्षांचे. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या दिवशी चढवला.

"पाच वर्षं? पाच वर्षं खोट्या नोंदी? रसिका, तुझ्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला!"

"हो सर."

"लाज कशी वाटली नाही तुला?"

"वाटली सर. दर वर्षी वाटली."

ते येरझाऱ्या घालत राहिले. मग एकदम थांबले, खुर्ची ओढली आणि कागदावर आकडे मांडू लागले. पहिल्या वर्षी ठोक्या नऊ तास बंद, चौतीस दिवस बारा तासांनी दोन पूर्णांक नऊचा हादरा. पुढची चार वर्षं चोवीस तास बंद, तितक्याच दिवसांनी साडेतीनच्या आसपास. पेन टेकवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"खडक असा वागत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "खडकाला ठोका दिला तर तो हलेल. ठोका बंद केला म्हणून कोण हलतं? रात्री लाइट गेली, पंखा थांबला, की जागा कोण होतो?"

"झोपलेला माणूस."

"झोपलेलं कोणीतरी. माणूस नव्हे."

ओगल्यांची ही खोड संशोधकांत प्रसिद्ध होती. पाठीमागे त्यांना 'राक्षसवाले ओगले' म्हणत. तरुणपणी त्यांनी परदेशी भयकथा खूप वाचल्या होत्या. समुद्राच्या तळाशी, पृथ्वीच्या पोटात माणसाच्याही आधीपासून निजलेले महाकाय प्राणी, आणि ते जागे झाले की माणसाचा निकाल. गावच्या शाळेत एकदा त्यांनी त्याच विषयावर भाषण दिलं होतं. डोंगराएवढा हातापायांचा राक्षस असू शकत नाही, हे त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं होतं. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं आणि हाडाची ताकद मात्र चौपटच. पहिल्या पावलालाच स्वारी कोसळेल. मुलं हिरमुसली होती. मग ओगले म्हणाले होते, "पण त्याला हातपाय नसले तर? घाईच नसली तर?"

तेच त्यांनी आता रसिकाला पुन्हा सांगितलं. ग्रॅनाइटच्या भेगांत खोलवर जिवाणू जगतात, हे काही नवं नाही. सूर्य नाही, हवा नाही. खडकातला किरणोत्सर्ग पाण्याचे रेणू फोडतो, त्यातून हायड्रोजन सुटतो, तो त्यांचा घास. एका जिवाणूचे दोन व्हायला शेकडो वर्षं लागतात. काही जिवाणू लांब धाग्यांसारखे जोडले जातात आणि तारेसारखी वीज वाहून नेतात. असे धागे कोट्यवधी वर्षं भेगाभेगांतून विणले गेले तर? तीनशे किलोमीटर पसरलेला एकच देह. एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला पोचून उत्तर यायला चौतीस दिवस.

"आपला काळा कातळ लाव्हारसातून झाला त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. हे त्याच्याही आधीचं. आपण पाच वर्षं त्याला दर बारा सेकंदांनी थोपटत होतो. त्याला सवय लागली. थोपटणं थांबलं की ते कूस बदलतं. भेगांतले चिकट बूच सोडतं, पाणी सरकतं आणि ताणलेला खडक घसरतो."

"ते आपल्यावर चिडतं, सर?"

"छे गं. ते आपल्याला ओळखतही नाही. त्याचंच तर भय वाटतं."

रसिकानं विचारायचा तो प्रश्न विचारला. "अकरा दिवसांना किती?"

"साडेपाच. कदाचित सहा. आणि केंद्र खोलवड्याच्या खाली." ओगल्यांनी चष्मा काढून ठेवला. "ठोक्या आत्ता चालू आहे, पण त्याचा उपयोग नाही. उत्तर वाटेला लागलंय. त्रिपुरीला, संध्याकाळी सातच्या सुमाराला."

त्या वेळेला सगळं गाव दीपमाळेखाली जमलेलं असतं. चाळीस फुटांची दीपमाळ, नुसते जांभ्याचे चिरे. आणि सर्वांत पुढे, हात वर करून, मानकरी सत्यवान धुरी.

तहसीलदार नाझनीन मुजावर यांनी दोघांचं म्हणणं अर्धा तास ऐकून घेतलं. बाई कामाला चोख आणि जिभेला तिखट.

"म्हणजे मी कलेक्टरसाहेबांना लिहू का, जमिनीखाली राक्षस निजलाय, तो कूस बदलणार आहे, सबब गाव रिकामं करत आहे? उद्या माझी बदली होईल आणि परवा माझ्यावर मीम्स निघतील."

"राक्षस लिहू नका, मॅडम," रसिका म्हणाली.

"मग काय लिहू? भूकंपाचं भाकीत करता येत नाही, हे तुमच्याच खात्याचं परिपत्रक आहे. हे आकडे बघा. तुमच्या नोंदीप्रमाणे यंत्र दसऱ्याला दर वर्षी चालू होतं. मग ही सगळी कथाच कोसळते की नाही?"

बरोबर तिथेच घोडं अडलं होतं. ओगल्यांनी रसिकाकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. तिला वाचवणं त्यांच्या हातात नव्हतं.

"कागद द्या मॅडम," रसिका म्हणाली. "नोंदी खोट्या आहेत, मी केल्या, असं लिहून सही करते."

"नोकरी जाईल. गुन्हाही दाखल होऊ शकतो. घरी विचारलंय?"

"घरचेच तर दीपमाळेखाली उभे राहणार आहेत."

मुजावरबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. तिची सही झाल्यावर त्यांनी स्वतःचं पेन उघडलं. "भाकितावर गाव हलवता येत नाही मला. पण भूकंपाची रंगीत तालीम वर्षातून एकदा घ्यावीच लागते. पौर्णिमेला चार वाजल्यापासून रात्री नऊपर्यंत सगळं गाव मळ्यात. जेवण आमच्याकडून. जो येणार नाही त्याला पोलीस उचलून आणतील."

"मानकऱ्याला देवळातून पोलीस उचलणार?" रसिकानं विचारलं.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "ते तुम्ही बघा," म्हणाल्या.

पौर्णिमेला गाव कुरकुरत का होईना मळ्यात उतरलं. कापणी झालेल्या मोकळ्या वाफ्यांत सतरंज्या पडल्या, भाताच्या पातेल्यांवरून वाफा निघू लागल्या. पण सगळ्यांच्या नजरा वर देवळाकडे. सत्यवान आले नव्हते. मानकरी देवळात आणि गाव मळ्यात, असं कधी घडलं नव्हतं. सव्वासहाला पाचपंचवीस तरुण उठले. "पणती लागली की आमी वर जातलो, मगे काय ती तालीम करा," असं त्यांनी हवालदाराला तोंडावर सांगितलं. त्यांच्यामागे बायका उठायच्या तयारीत होत्या.

रसिका धावत देवळाच्या पायऱ्या चढली. तिला प्रयोगशाळेतून कालच निलंबित केलं होतं, गळ्यात ओळखपत्रही नव्हतं. सत्यवान दीपमाळेच्या चौथऱ्यावर धोतर खोचून उभे होते. पणत्यांत तेल घालून झालं होतं, हातात काड्यापेटी होती.

"बाबा, खाली चला. पाया पडतंय तुमच्या."

"पणती लावतंय आणि येतंय."

"तवसर वेळ ऱ्हवाचो नाय! खाली मोठा काय तरी असा, बाबा. जिवंत असा. तां हलतला आज."

"खालचो?" सत्यवान हसले. "तो आमका आदीपासून ठावक असा. राखणदार तो. तुमका आता कळलो. राखणदार काय आपल्या गावाक मारीत?"

"तेका गाव ठावकच नाय, बाबा! तुमी नाय, मी नाय, देवूळ नाय. मुंगी चिरडली तर आपणाक कळता?"

"देवी असा. ती बघतली."

रसिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. याच हट्टानं आई गेली तेव्हाही हे डॉक्टरकडे न जाता इथेच बसले होते. घड्याळात सहा सव्वीस. खाली तरुण पायऱ्यांकडे निघालेले दिसत होते. म्हाताऱ्याला ओढून न्यायचं म्हटलं तर ते तिच्या एकटीच्या ताकदीचं काम नव्हतं, आणि देवळात हात लावला असता तर गाव उसळलं असतं. एकच गोष्ट सांगायची राहिली होती. ती तिनं तीन दिवस जिभेखाली धरून ठेवली होती, कारण नोकरी जाण्यापेक्षा तिला त्याचंच भय जास्त वाटत होतं.

"बाबा, दसऱ्याक तुमी ठोक्याची पूजा करीत होतास ना? तेका बंद ठेवची परवानगीच नव्हती."

"म्हंजे? तू तर बंद केलंस."

"केलंय. आणि वहीत लिवलंय, चालू. पाचय वर्सां, आणि यंदाय. तुमची पूजा मोडूक नको म्हणान खोटां लिवलंय. आदल्या दिवसाचां उचलून थंय घातलंय. तेच्यामुळेच कोणाक काय कळला नाय. आज जां होतला तां आपल्या त्या पूजेमुळे. माझ्या खोट्यामुळे."

सत्यवानांचा चेहरा तिनं असा कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर तलाठ्यापुढे, कोर्टापुढे, भाऊबंदांपुढे ज्या माणसानं एक खोटा शब्द उच्चारला नव्हता, त्याच्या नावावर लेकीनं पाच वर्षं खोटं वाहिलं होतं.

"माझ्या पूजेच्या दिवशी," ते म्हणाले. "हळदकुंकू लावलंस त्याच हातान?"

"होय."

"दर वर्सा?"

"होय, बाबा." तिला रडू आवरेना.

त्यांनी हातातल्या काड्यापेटीकडे बघितलं. मग ती सावकाश चौथऱ्यावर ठेवली.

"दोष लागलो," ते म्हणाले. "तुझो नाय, घराचो. ह्या हातान पहिली पणती लावूची नाय. आधी गाऱ्हाणां घालून देवीची क्षमा मागूक व्हयी. सगळ्या गावासमोर."

"गाव मळ्यात असा."

"मगे हयसर कित्याक उभी? चल."

ते तिच्या पुढे झपाझप पायऱ्या उतरले. वर येणाऱ्या पोरांना त्यांनी हाताच्या एका इशाऱ्यानं मागे वळवलं. मानकरी खाली निघालेला बघून सगळे मागोमाग उतरले.

मळ्याच्या मधोमध सत्यवान उभे राहिले, देवळाकडे तोंड केलं आणि हात जोडले. "हे बाय सातेरी माये," त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "आज तुझ्या लेकरांच्या हातून चूक झाली. माझ्या घरात खोटां झाला..."

"व्हय म्हाराजा!" गाव एका आवाजात म्हणालं. कोणाला काही कळलं नव्हतं, पण गाऱ्हाण्याला साथ द्यायची असते.

"ती चूक पदरात घे, आणि ह्या सगळ्यांका..."

वाक्य पुरं झालं नाही. आधी कुत्री ओरडली, मग पायांखालची जमीन एकदम डावीकडे सरकली आणि परत आली. उभी माणसं बसली, बसलेली आडवी झाली. भाताची पातेली उलटली. डोंगरातून असा आवाज आला की पुढे कित्येक दिवस कोणी त्याची नक्कल करायला धजलं नाही. सत्यवानांनी लेकीला खाली दाबून धरलं होतं, आणि तिच्या डोळ्यांसमोर दीपमाळ कमरेत मोडली. चिरे चौथऱ्यावर कोसळले, देवळाचं छप्पर आत गेलं, मग वाडीतल्या घरांची कौलं एकापाठोपाठ एक खाली आली. पंचवीस सेकंद. नंतर नुसती तांबडी धूळ आणि पोरांचं रडणं.

हवालदारानं तीनदा माणसं मोजली. चारशे बारा. सगळी.

रसिकाचा फोन वाजला तेव्हा तो वडिलांनीच मातीतून उचलून तिच्या कानाला लावला.

"रसिका, सगळे आहेत?" ओगल्यांचा आवाज फाटला होता.

"आहेत सर. सगळे आहेत."

"ऐक. ठोक्या थांबलाय. केबल शाबूत आहे, पण वीज गेली, जनरेटरवर सुरू करायचाय आणि तुझ्या जागेवरच्या पोराला क्रम येत नाही. चौदा मिनिटं झाली."

चौदा मिनिटं. नऊ तासांना काय झालं होतं ते तिला पाठ होतं. तिनं डोळे मिटून एकेक खटका सांगितला. आधी तळाचा पंप, मग दाब, मग दोन मिनिटं थांबायचं, मग ठोका. ओगल्यांनी पलीकडून आकडे वाचून दाखवले. बारा सेकंद गेले. आणखी बारा.

"लागला," ओगले म्हणाले. "आता याला बंद करायचं नाही. हळूहळू कमी करत सवय मोडता येईल म्हणा, पण त्याच्या हिशेबानं हळूहळू म्हणजे दहा हजार वर्षं." त्यांनी फोन ठेवला.

सत्यवान मोडलेल्या दीपमाळेकडे बघत बसले होते. लेकीनं सरांचं बोलणं त्यांना समजावून सांगितलं. ते खाली वाकले, मातीवर हाताचा पंजा ठेवला आणि तसाच ठेवून राहिले.

"म्हंजे आता ह्येका असोच थापटीत ऱ्हवाक व्हया?"

"होय."

"सणावारी पण?"

"सणावारी पण."

"जन्मभर?"

"होय, बाबा."

"आमच्या?"

"नाय," रसिका म्हणाली. "तेच्या."